मुंबई उपनगरी रेल्वेमार्गांवरील पादचारी सुरक्षा

मुंबई उपनगरी रेल्वेमार्गांवरील पादचारी सुरक्षा या विषयात रूळ पायी ओलांडताना होणारे मृत्यू आणि इजा टाळण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा समावेश होतो. रुळालगतचे रहिवासी, प्रवासी संघटना, न्यायालयात दाद मागणारे नागरिक, रेल्वे प्रशासन, पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी हे प्रयत्न केले आहेत. मुंबई व परिसरातील उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी मोठा हिस्सा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. या मृत्यूंकडे दीर्घकाळ केवळ नियमभंगाचा परिणाम म्हणून पाहिले गेले. नागरिकांच्या प्रयत्नांमुळे सुरक्षित व सोयीच्या पर्यायी वाटेचा अभाव, हे या मृत्यूंचे दुसरे कारण चर्चेत आले.

पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. त्यानंतर मुंबई शहराची वाढ मुख्यतः रेल्वेमार्गांच्या अनुषंगाने झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी सुरू झाली. आज पश्चिम, मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर या मार्गांवर दररोज तीन हजारांहून अधिक उपनगरी फेऱ्या होतात.

मुंबईतील प्रमुख रेल्वेमार्ग दक्षिणोत्तर दिशेने जातात. त्यामुळे बहुतेक उपनगरांचे ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ असे दोन भाग पडले आहेत. एका भागात राहणाऱ्या व्यक्तीची शाळा, बाजारपेठ, रुग्णालय किंवा कामाचे ठिकाण अनेकदा दुसऱ्या भागात असते. गाडीने प्रवास न करणाऱ्यांनाही रेल्वेमार्ग रोज ओलांडावा लागतो, तो यामुळेच. हार्बर मार्गाच्या सँडहर्स्ट रोड ते डॉकयार्ड रोड भागात रूळ उन्नत बांधकामावरून जात असल्याने तेथे खालून सहज ये-जा होते. परंतु उपनगरांतील बहुतांश मार्ग जमिनीच्या पातळीवर आहेत. लोकसंख्या आणि गाड्या वाढत गेल्या, तसतसे जुन्या पायवाटांचे रूपांतर धोकादायक ठिकाणांत झाले. काही भागांत पाचवी व सहावी मार्गिका टाकल्याने ओलांडण्याचा पट्टाही रुंद झाला.

कायदेशीर स्थिती

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार अधिकाराविना रेल्वेच्या हद्दीत प्रवेश करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विशेष कारण नसल्यास किमान पाचशे रुपये दंडाची तरतूद आहे. रूळ ओलांडणाऱ्यांवर रेल्वे सुरक्षा बल सामान्यतः याच कलमाखाली कारवाई करते.

याच अधिनियमात रेल्वेच्या जबाबदाऱ्याही नमूद आहेत. रेल्वेमार्गामुळे लगतच्या जमिनींच्या वापरात आलेला अडथळा दूर करण्यासाठी आवश्यक ती क्रॉसिंगे, पूल आणि मार्ग बांधण्याची जबाबदारी कलम १६ ने रेल्वे प्रशासनावर टाकली आहे. मात्र मार्ग सुरू झाल्यानंतर ठरावीक कालावधीपर्यंतच हे बंधन लागू असते. त्यानंतरची अतिरिक्त कामे जमीनमालक, राज्य शासन किंवा स्थानिक प्राधिकरण स्वखर्चाने मागू शकतात, अशी तरतूद कलम १७ मध्ये आहे. कलम १८ कुंपण व फाटके यांविषयी आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी टाकलेल्या मार्गांभोवती नंतर वसलेल्या उपनगरांत नव्या पुलाचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न त्यामुळे रेल्वे आणि महापालिका यांच्यात वारंवार उपस्थित होतो.

गाडीतून अपघाताने पडणे यासारख्या घटनांत कलम १२४-अ अन्वये भरपाई मिळू शकते. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू मात्र ‘अनुचित घटना’ या व्याख्येत सामान्यतः बसत नाही. परिणामी अशा व्यक्तींच्या कुटुंबीयांना बहुधा भरपाई मिळत नाही.

अपघातांचे प्रमाण

रेल्वे सुरक्षेचा आढावा घेण्यासाठी डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल सादर केला. देशात दरवर्षी सुमारे १५,००० व्यक्ती रेल्वे हद्दीत अनधिकृतपणे वावरताना मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० मृत्यू एकट्या मुंबई उपनगरी क्षेत्रात होतात, असे समितीने नमूद केले. कोणताही सुसंस्कृत समाज असा संहार स्वीकारू शकत नाही, असा समितीच्या मताचा आशय होता. रेल्वेच्या अधिकृत अपघात-आकडेवारीत हे मृत्यू गाड्यांच्या अपघातांप्रमाणे धरले जात नाहीत, याकडेही त्यामुळे लक्ष वेधले गेले.

लोहमार्ग पोलिसांच्या नोंदींनुसार पुढील दशकात मृत्यूंची संख्या घटली. तरीही २०२३ मध्ये उपनगरी मार्गांवर सुमारे २,५९० व्यक्तींचा मृत्यू झाला, म्हणजे दिवसाला सरासरी सात. यांपैकी जवळपास निम्मे मृत्यू रूळ ओलांडताना झाले होते. उर्वरित मृत्यूंमध्ये धावत्या गाडीतून पडणे हे प्रमुख कारण होते.

अपघातांची कारणे

पर्यायी मार्गांचा अभाव

दोन स्थानकांमधील अंतर अनेक ठिकाणी दीड-दोन किलोमीटर असते आणि त्यादरम्यान पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग नसतो. अशा ठिकाणी समोर दिसणाऱ्या वस्तीत जाण्यासाठी लांबचा वळसा घालावा लागतो. जेथे पूल आहे तेथेही ओव्हरहेड विद्युत तारांमुळे तो रुळांपासून सुमारे सहा मीटर किंवा अधिक उंचीवर बांधावा लागतो. म्हणजे चाळीसच्या आसपास पायऱ्या चढून तेवढ्याच उतराव्या लागतात. वृद्ध, गर्भवती, अपंग व्यक्ती, डोक्यावर ओझे घेतलेले विक्रेते आणि हमाल यांना हे कष्टाचे ठरते. गर्दीच्या वेळी पुलावरील कोंडीमुळे धडधाकट प्रवासीही फलाटाच्या टोकाने खाली उतरून रूळ ओलांडतात.

अंतर व वेगाचा चुकीचा अंदाज

ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. चार मार्गिकांचा पट्टा साधारण २० मीटर रुंद आणि चालण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटर धरल्यास तो ओलांडण्यास १६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडी सुमारे साडेचारशे मीटर पुढे येते. पाऊल उचलताना चारशे मीटर दूर दिसलेली गाडी, पादचारी पलीकडे पोहोचण्यापूर्वीच तेथे येऊन ठेपू शकते. मोटरमनने तत्काळ ब्रेक लावला तरी गाडी थांबण्यास शेकडो मीटर लागतात आणि तिला बाजूला वळता येत नाही.

मोठ्या आकाराची वस्तू प्रत्यक्षापेक्षा हळू येत असल्याचा भास होतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्ये मांडले होते. रुळाच्या रेषेत उभे राहून पाहिल्यास गाडीचा वेग ओळखणे आणखी कठीण होते. याशिवाय एक गाडी गेल्यावर लगेच पाऊल टाकणाऱ्या व्यक्तीस, त्या गाडीआडून विरुद्ध दिशेने येणारी दुसरी गाडी दिसत नाही. रोज रूळ ओलांडणाऱ्यांना सवयीमुळे धोका जाणवेनासा होतो. मोबाइलवर बोलणे आणि कानात इअरफोन घालणे यांमुळे शिटी ऐकू न येण्याची शक्यता वाढते.

नागरिकांचे प्रयत्न

रुळालगतच्या वस्त्या

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील रुळांच्या दोन्ही बाजूंना झोपड्यांच्या वस्त्या वाढल्या. काही घरे रुळापासून अवघ्या एक-दोन मीटरवर होती. पाणी, शौचालय, शाळा किंवा रोजगार यांसाठी रहिवाशांना दिवसातून अनेकदा रूळ ओलांडावे लागत आणि लहान मुलांचे खेळणेही तेथेच होत असे. रुळापासून तीस फुटांच्या आत घरे असल्यास गाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने न्यावी लागे. यामुळे रेल्वेची वाहतूकही खोळंबत असे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांच्या पुढाकाराने या वस्त्यांची पाहणी करण्यात आली. घरांना क्रमांक देणे, कुटुंबांची यादी करणे, नकाशे काढणे ही कामे रहिवाशांनी स्वतः केली. या गणनेतून रुळालगत सुमारे १८,००० कुटुंबे राहत असल्याचे दिसून आले. पुढे रेल्वेलगतच्या रहिवाशांचा स्वतंत्र महासंघ उभा राहिला. ‘आम्हालाही रुळाशेजारी राहायचे नाही, मात्र पर्यायी घर मिळाल्यास आम्ही स्वतःहून जागा रिकामी करू’, अशी या संघटनांची भूमिका होती. महिलांनी बचतगट उभारून नव्या घरांसाठी पैसे जमवले. या चळवळीचे नेते जॉकिन अर्पुथम यांना २००० साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या काळात, विशेषतः २००० नंतर, या यादीच्या आधारे पुनर्वसनास वेग आला. पहिल्या टप्प्यातच सुमारे ६०,००० व्यक्तींचे स्थलांतर बळाचा वापर न करता झाले. शहरी विकासाच्या अभ्यासात हे लोकव्यवस्थापित पुनर्वसनाचे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. रुळालगतची जागा मोकळी झाल्याने भिंती व कुंपणे घालणे आणि गाड्यांचा वेग वाढवणे शक्य झाले. दुसरीकडे, पुनर्वसन वसाहतींतील इमारतींची दाटी, हवा-उजेडाचा अभाव आणि रोजगारापासूनचे अंतर यांवर टीकाही झाली आहे.

प्रवासी संघटना

उपनगरी प्रवाशांच्या संघटना स्थानकनिहाय काम करतात. पादचारी पूल, सरकते जिने व उद्वाहक यांची मागणी करणे, तुटलेल्या कुंपणाकडे लक्ष वेधणे, रखडलेल्या कामांचा पाठपुरावा करणे आणि माहिती अधिकाराखाली मृत्यूंची आकडेवारी मिळवणे हे त्यांच्या कामाचे मुख्य भाग आहेत. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीवर प्रवाशांचे प्रतिनिधी नेमले जातात. तेथे या मागण्या औपचारिकपणे मांडता येतात. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमानंतर मृत्यूंचे स्थानकनिहाय आणि कारणनिहाय आकडे मागता येऊ लागले. कोणत्या दोन स्थानकांमध्ये पूल अधिक निकडीचा आहे, हे अशा आकड्यांच्या आधारे मांडता येते.

न्यायालयीन लढा

रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले कार्यकर्ते समीर झवेरी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे अपघातग्रस्तांना मिळणाऱ्या वैद्यकीय मदतीचा प्रश्न मांडला. पूर्वी जखमीला हलवण्यासाठी बहुधा स्थानकावरील हमालांवर अवलंबून राहावे लागे आणि कागदपत्रे पूर्ण होण्यात मोलाचा वेळ जाई. न्यायालयाच्या निर्देशांनंतर स्थानकांवर रुग्णवाहिका आणि आपत्कालीन वैद्यकीय कक्ष यांची व्यवस्था करण्यात आली. अपघातानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळणे जीव वाचण्याच्या दृष्टीने निर्णायक असल्यामुळे या सुविधांना महत्त्व आहे.

२०२४ मध्ये विरार येथील एका प्रवाशाच्या जनहित याचिकेवर सुनावणी करताना उच्च न्यायालयाने उपनगरी रेल्वेवरील मृत्यूंबाबत तीव्र नापसंती व्यक्त केली. प्रवाशांना ज्या अवस्थेत प्रवास करावा लागतो ती लाजिरवाणी असल्याचे सांगून न्यायालयाने रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून उत्तर मागवले. प्रवाशांची संख्या प्रचंड आहे, हे कारण पुढे करून प्रशासनाला जबाबदारी टाळता येणार नाही, असाही न्यायालयाच्या निरीक्षणांचा रोख होता.

वडाळा येथील प्रयोग

हार्बर मार्गावरील वडाळा स्थानकाजवळ २००९-१० मध्ये मध्य रेल्वेने ‘फायनल माइल’ या मुंबईतील वर्तनशास्त्रीय सल्लागार संस्थेच्या साहाय्याने एक प्रयोग केला. दंड किंवा उपदेश यांऐवजी, रूळ ओलांडण्याच्या नेमक्या क्षणी व्यक्तीच्या मनावर परिणाम घडवणे हा त्याचा उद्देश होता. त्यात तीन उपाय योजण्यात आले.

• रुळाखालील काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले. ते एकामागून एक झाकले जात असल्याचे दिसल्याने येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज घेणे सोपे होते.
• अंगावर येणारी गाडी पाहून भयभीत झालेल्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे तीन भागांच्या फलकावर लावण्यात आली.
• शिटी वाजवण्याचे फलक ओलांडण्याच्या जागेच्या संदर्भात नव्याने बसवण्यात आले आणि मोटरमननी एका लांब शिटीऐवजी दोन छोट्या, तुटक शिट्या द्याव्यात, असे ठरले. दोन आवाजांमधील क्षणिक शांततेमुळे लक्ष अधिक वेधले जाते, हे त्यामागील गृहीतक होते.

प्रयोगानंतर या ठिकाणच्या मृत्यूंत मोठी घट झाल्याचे सांगण्यात आले आणि पुढे इतर काही ठिकाणीही हे उपाय करण्यात आले. अत्यल्प खर्च हे त्यांचे वैशिष्ट्य होते. तथापि असे उपाय रूळ ओलांडणाऱ्यास सावध करतात. ओलांडण्याची गरज ते नाहीशी करत नाहीत.

पायाभूत सुविधा

मुंबई रेल्वे विकास महामंडळाची स्थापना १९९९ मध्ये झाली. या संस्थेने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या विविध टप्प्यांत रूळ ओलांडण्यास प्रतिबंध करणारी कामे हाती घेतली. त्यांत पादचारी पूल, फलाटांना जोडणारे उन्नत मार्ग, संरक्षक भिंती आणि कुंपणे यांचा समावेश होतो. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या ‘३-अ’पूर्वीच्या तिसऱ्या टप्प्यात दोन स्थानकांमधील भागासाठी या कामांचा स्वतंत्र घटक होता.

पुलांची संख्या पुरेशी नसते. त्यांची रुंदी व देखभालही तितकीच महत्त्वाची ठरते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (सध्याचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ व्यक्तींचा मृत्यू झाला. या पुलाच्या रुंदीकरणाची मागणी प्रवाशांनी दुर्घटनेपूर्वीच केली होती. त्यानंतर भारतीय लष्कराने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे पादचारी पूल उभारले व २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते खुले झाले. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पुलाचा भाग कोसळून किमान सहा जणांचा मृत्यू झाला. सुरक्षित म्हणून सुचवली जाणारी वाट स्वतः सुरक्षित असली पाहिजे, हे या दोन्ही घटनांनी अधोरेखित केले.

रेल्वे फाटके आणि पादचारी

फाटकाच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग बांधण्याचा निर्णय घेताना भारतीय रेल्वे ‘गाडी-वाहन एकक’ हे परिमाण वापरते. फाटकावरून दिवसभरात जाणाऱ्या रेल्वेगाड्यांच्या संख्येस रस्त्यावरील वाहनांच्या संख्येने गुणून ते काढतात. मोटार, बैलगाडी व टांगा यांना एक, तर सायकलरिक्षा व ऑटोरिक्षा यांना अर्धे एकक धरले जाते. पायी चालणाऱ्या व्यक्तीला या गणनेत स्थान नाही. त्यामुळे ज्या फाटकावरून हजारो माणसे चालत जातात पण वाहने कमी असतात, त्याची निकड या परिमाणातून दिसत नाही.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात कर्मचारी नसलेल्या फाटकावर शालेय वाहनाला गाडीची धडक बसून १३ मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर अशी फाटके बंद करण्याच्या कामास गती मिळाली आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील कर्मचारीविरहित फाटके संपुष्टात आणण्यात आली. मुंबई क्षेत्रात दिवा जंक्शन येथील फाटक वर्दळीसाठी ओळखले जाते. फाटक उघडे ठेवल्यास गाड्या खोळंबतात आणि बंद ठेवल्यास पादचारी त्याखालून वाकून जातात. तेथे उड्डाणपूल व्हावा, ही रहिवाशांची दीर्घकालीन मागणी राहिली आहे.

जनजागृती

स्थानकांवरील उद्‌घोषणा, पथनाट्ये, शाळांतील कार्यक्रम आणि रुळालगतच्या वस्त्यांमधील बैठका हे जनजागृतीचे नेहमीचे मार्ग आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने यमराजाच्या वेशातील कर्मचाऱ्यामार्फत रूळ ओलांडणाऱ्यांना अडवण्याची मोहीम राबवली. तिची चर्चा देशभर झाली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९७२ मध्ये सुरू झालेली ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ ही मोहीम या प्रकारच्या कार्याचा आरंभ मानली जाते. तिच्या पहिल्या वर्षी त्या राज्यातील फाटकांवरील मृत्यूंत ४३ टक्के घट झाली. प्रशिक्षित स्वयंसेवकांनी शाळांत व वस्त्यांत जाऊन बोलणे, हे तिचे मुख्य साधन होते. २००९ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय रेल्वे फाटक जागृती दिन पाळला जातो.

मूल्यमापन

दंडात्मक कारवाई, जनजागृती, वर्तनविषयक उपाय आणि बांधकामे यांपैकी कोणताही एक मार्ग स्वतंत्रपणे पुरेसा ठरलेला नाही. दंडामुळे पकडली गेलेली व्यक्ती काही काळ सावध होते. परंतु वाट तीच राहिल्यास गर्दी पुन्हा तेथेच वळते. पर्यायी पूल न देता भिंत बांधल्यास तिला भगदाड पाडले जाते. तर रुळालगतच्या वस्त्यांचे पुनर्वसन झालेल्या ठिकाणी घर आणि पाणवठा यांच्यामधील रूळच नाहीसा झाल्याने रोजचे ओलांडणे थांबले.

या प्रयत्नांत नागरिकांचा वाटा प्रामुख्याने तीन प्रकारचा राहिला आहे. कोण, कोठे आणि कशासाठी रूळ ओलांडते याची माहिती त्यांनी गोळा केली. ती माहिती न्यायालये व प्रशासनापुढे मांडून उत्तरदायित्व मागितले. तसेच पर्याय उपलब्ध झाल्यावर त्याचा स्वीकार करण्यासाठी आपल्या वस्तीला तयार केले. मृत्यूंची संख्या पूर्वीपेक्षा कमी झाली असली, तरी दिवसाला सरासरी सात हे प्रमाण पाहता पादचाऱ्यांसाठी पुरेशा, रुंद आणि चढण्यास सोप्या वाटा उभारण्याचे काम अपूर्ण आहे.